काजूचे शेंगदाणे

दिवाळी अंकाच्या बाईंनी मला फोनवर सांगितलं, की महागाई फार झालीय, तेव्हा महागड्या जिनसांना घरात काय काय पर्याय चालतात ते लिहा, मापासकट, आणि जोडीला तुमच्या कामातले दोन-चार अनुभव. मी लगेच हो म्हटलं. हो म्हणायला काही लागत नाही. लिहायला बसल्यावर मात्र पाहुणे दारात आणि गॅस संपलेला अशी माझी गत झाली.

एक तर मापं मला सांगता येत नाहीत. माझी चिमूट आणि तुमची चिमूट एक नसते, आणि माझीसुद्धा सकाळची आणि संध्याकाळची एक नसते. दुसरं म्हणजे, जन्मभर ज्याला मी पर्याय म्हणत आले, त्याच्याबद्दलच माझा आता असा गोंधळ झालाय की खरी वस्तू कुठली आणि तिच्या जागी आलेली कुठली, हे छातीठोकपणे सांगायची हिंमत राहिली नाही. तरी सांगायला घेते. कुठं घसरले तर सांभाळून घ्या.

मी मूळची मेढ्याकडची. आमच्याकडं डोंगरउतारावरचा भात आणि नाचणी. लग्न होऊन विट्याला आले. पहिले काही महिने इथलं पाणी आणि इथल्या बायकांचं बोलणं, दोन्ही मला जड गेलं. आमचे मालक यंत्रमागावर कामाला होते. माग बंद पडायला लागले तशी मी लोकांच्या घरी स्वयंपाकाला जायला लागले, आणि पुढं बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा अशी लहान कामंही घ्यायला लागले. मोठ्या लग्नाचं काम मी घेत नाही. तिथं आचारी लागतो आणि मी स्वयंपाकीण आहे. आचारी सामानाची यादी देतो. स्वयंपाकीण आधी घरात काय आहे ते विचारते.

विट्याबद्दल बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. इथं घराआड घर गलाईवाल्यांचं. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढून टाकायची. ही माणसं केरळात, तमिळनाडूत, पंजाबात, कुठं कुठं दुकानं टाकून बसलेली असतात आणि इथं त्यांचे मोठमोठे बंगले. जत्रेला आणि दिवाळीला गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. एरवी बंगल्यात एक आजी, एक टीव्ही आणि मी. सोन्यातली गुंजभर भेसळ ज्यांना खपत नाही त्यांच्याच घरात मी आयुष्यभर एकाच्या जागी दुसरं घालत आले, आणि ते त्यांना गोड लागलं. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

पर्याय म्हणजे फसवणूक नव्हे, हे आधीच सांगते, कारण ते मला सगळ्यांना सांगावं लागतं. रश्शात काजू कशाला वाटून घालतात? दाटपणा यावा आणि तिखटाची धार मोडावी म्हणून. चवीला काजू स्वतः फारसं काही करत नाही, नुसता जावयासारखा बसून असतो. मग तेच काम भिजवून, सालं काढून, दुधात वाटलेले शेंगदाणे करतात. भाजायचे मात्र नाहीत. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास घरभर चुगली करत फिरतो. खसखस परवडेना तर तीळ आणि फुटाण्याचं डाळं. सुकं खोबरं महागलं तर कांदा जरा जास्त भाजा आणि थोडे कारळे घाला. उन्हाळ्यात लिंबू डोळे वटारायला लागलं की चिंच आहेच. वेलदोड्याचे दाणे सणाला ठेवा आणि टरफलं साखरेबरोबर वाटा, रोजच्या शिऱ्याला तेवढं पुरतं. केशराला मात्र पर्याय नाही. त्याच्या रंगाला आपली सांगलीची हळद चिमटीभर, वासाच्या जागी जायफळ उभं करायचं, आणि बाकीचं खाणाऱ्याच्या मनावर सोडून द्यायचं.

ह्या कामात मी दोन नियम पाळत आले. महाग वस्तू सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर घालायची, हा पहिला. तूप फोडणीत जाळू नका, वाढताना वरून सोडा. बदाम आत वाटून घालवू नका, दोन काप वर दिसू द्या. माणूस आधी नाका-डोळ्यांनी जेवतो. दुसरा नियम असा, की कुणी सरळ विचारलं तर खरं सांगायचं. शेंगदाणा काहींना सोसत नाही, त्यामुळं त्याचं तर मी न विचारताच सांगून ठेवते. पहिल्या नियमानं मला नाव दिलं. दुसऱ्यानं कामं घालवली.

एका साखरपुड्यात मी शेंगदाण्याची कतली केली होती. मुलीच्या आईनंच तशी सांगितली होती, आणि कुणाला शेंगदाणा वर्ज्य नाही ना हे मी आधी दोन्हीकडं विचारून घेतलं होतं. मुलाची आत्या फलटणची. ऊसवाली, अंगावर दागिने बक्कळ. तिनं दोन वड्या खाल्ल्या, तिसरी उचलली आणि थेट स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, इतके ताजे काजू तुम्हाला मिळतात कुठं? मुलीची आई माझ्यामागं उभी राहून माझी पाठ ढोसत होती. मी म्हटलं, काजू नाहीत, शेंगदाणे आहेत. मग आत्याबाईंनी ती वडी तोंडात टाकली आणि विचारलं, भिजत किती वेळ घालायचे? लग्न झालं, आता नातवंडंही आहेत. पण मुलीच्या आईनं मला पुन्हा कधी बोलावलं नाही. रस्त्यात दिसल्या की आजही त्या दुकानांच्या पाट्या वाचत जातात.

आता आक्कांचं सांगते. नावं बदललीत, पण ज्याला कळायचं त्याला कळेल.

आक्का म्हणजे विलासभाऊंच्या आई. विलासभाऊंचं केरळात गलाईचं दुकान होतं आणि त्यांचं उभं आयुष्य भट्टीपुढं, तेजाबाच्या वाफेत गेलं. मुलगा हाताशी आला तसं दुकान त्याच्यावर सोपवून ते आणि सुरेखावहिनी विट्याला परत आले, कारण आक्का थकल्या होत्या. आक्का आटपाडीकडच्या. तरुणपणी मेंढरांमागं फिरलेल्या, दुष्काळात हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढलेल्या. माडगं म्हणजे हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाची पातळ पेज, ती आजाऱ्यालाही देतात आणि काही नसेल तेव्हा निरोग्यालाही. अंगानं आक्का काटकुळ्या, पण हाक मारली तर शेजारच्या गल्लीतलं माणूस ओ देईल असा आवाज.

विलासभाऊंनी मला बोलावून सांगितलं, आईनं जन्मभर हुलगं आणि बाजरी खाल्ली, आता तिला जे म्हणून चांगलं असतं ते सगळं खाऊ घालायचं. काटकसर अजिबात करायची नाही. मला कधी कुणी असं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. केरळातून आणलेले टपोरे काजू, हिरवेगार वेलदोडे, बदाम, पिस्ते, आणि अमृतसरला दुकान असलेल्या भावकीतल्या कुणी पाठवलेलं केशर. मी नुसती बघत राहिले. जन्मभर ज्यांची नक्कल केली ती सगळी मंडळी एकाच फळीवर बसली होती.

मी मन लावून करायला लागले. काजूचा रस्सा, बदामाची खीर, केशर घातलेली बासुंदी, शिऱ्यावर तुपाचं तळं. सगळं नियमाप्रमाणं वर, ठळक दिसेल असं. पहिले चार घास आक्कांनी कौतुकानं खाल्ले. मग त्यांचं खाणं कमी होत गेलं. मला वाटलं, दातांचं असेल, मी सगळं मऊ केलं. मग वाटलं गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल, मी आलं-लिंबू वाढवलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्यात वयाशिवाय काही निघालं नाही. विलासभाऊ म्हणाले, अजून काजू घाला, अंगात ताकद नाही म्हणून भूक लागत नाही. मी घातले. आक्का आणखी कमी जेवायला लागल्या. जितकं चांगलं करावं तितकी वाटी जास्त भरून परत यायची. माझ्या हातची बासुंदी परत आलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि खरं सांगते, मला त्यांच्या तब्येतीआधी माझ्या हाताची काळजी वाटली.

त्यात नातेवाईक यायला लागले. आक्का जेवत नाहीत हे ऐकून जो येई तो खाटेवर बसून, हात हातात घेऊन विचारायचा, "आक्का, काय खावंसं वाटतंय?" ह्या प्रश्नावर आक्का भिंतीकडं तोंड करायच्या. एकदा त्यांनी भाचीला बोलावून आपली ठेवणीतली इरकल देऊन टाकली. एकदा विचारलं, केरळातनं नातू कवा येणार? आम्ही म्हटलं, वय झालंय, आठवण येत असेल. आता लिहिताना सगळं सरळ दिसतंय. तेव्हा घरातल्या कुणालाही काही कळत नव्हतं, एवढं मात्र कळत होतं की असंच चाललं तर म्हातारी हातची जाणार.

एक दिवस विलासभाऊ आणि वहिनी कार्यासाठी सांगलीला गेले. वहिनींनी जाताना कपाटाला कुलूप लावलं. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. सोन्याच्या दुकानात आयुष्य काढलेली माणसं, घराबाहेर पडताना हाताला लागेल त्याला कुलूप लावतात. किल्ली त्यांच्या पर्समध्ये. दूध आटत आलेलं, आणि माझ्याकडं ना काजू ना केशर. मग मी माझ्या जुन्या धंद्यावर आले. गरम पाण्यात शेंगदाणे भिजवले, सालं काढली, दुधात वाटले, बोटावर हळद, किसणीवर जायफळ. वाटी नेऊन आक्कांच्या हातात दिली.

पहिल्याच घोटाला त्या थांबल्या. म्हणाल्या, "ह्यात शेंगदाणं हायती."

सरळ विचारलं तर खरं सांगायचं. मी म्हटलं, "व्हय आक्का."

"काजू संपलं?"

"संपलं न्हाईत. कपाटाला कुलूप हाय. किल्ली वहिनी घेऊन गेल्यात."

"सुनेनं कुलूप लावलं?"

"व्हय."

"मी घरात असताना?"

सुनेची चुगली केल्यासारखं झालं म्हणून मी वाकून चादर सारखी करायला लागले. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि ती बासुंदी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ली. मग म्हणाल्या, भाकरी हाय का? मी धावत जाऊन भाकरी आणि ठेचा आणला. तेही खाल्लं. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि हसल्या. मी तोंड उघडं टाकून उभी.

मग त्यांनीच सांगितलं. "मला वाटलं, माझं दीस भरलं. डाक्टरनं पोराला सांगितलंय आन पोरानं माझ्यापासनं लपवलंय. आमच्यात जाणाऱ्याला गोडधोड घालत्यात, मालन. माझ्या सासऱ्याला शेवटाला तुपातला शिरा केला हुता. तवर घरात तूप हाय हे त्येला बी ठावं नव्हतं. ऱ्हाणाऱ्या माणसाला कोण काजू घालतंय?"

म्हणजे रोज आम्ही ताटात वाढत होतो एक आणि आक्का वाचत होत्या वेगळंच. मी वर काप जास्त ठेवले की त्यांना वाटायचं, दिवस कमी राहिले. माणसं येऊन काय खावंसं वाटतंय विचारायची, आणि हा प्रश्न त्यांच्या मुलखात कुणाला विचारतात ते त्यांना पक्कं माहीत होतं. सुनेनं काजूला कुलूप घातलं म्हटल्यावर मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. जाणाऱ्या म्हातारीपासून कुणी कपाट बंद करत नाही.

संध्याकाळी मी विलासभाऊंना आणि वहिनींना हे सांगितलं. वहिनी आधी हसल्या आणि मग हसता हसता रडायला लागल्या. विलासभाऊंनी जाऊन ते कपाट उघडून बघितलं. मग मला म्हणाले, "मग मी कमावलं कशाला, मालनताई?" जसं काही मला त्याचं उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात चिक्कूपणाचं नाटक सुरू झालं. सुरेखावहिनी स्वभावानं इतक्या मऊ की भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही लाजायच्या. त्यांनी आता आक्कांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर ओरडायचं होतं, की तूप केवढं घातलंस, दूध कुणाला विचारून घेतलंस. पहिल्यांदा ओरडल्या तेव्हा त्यांचाच आवाज चिरकला आणि त्यांनी नंतर माझी माफी मागितली. हळूहळू जमायला लागलं. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी त्यांना ते आवडायला लागलं होतं की काय, अशीही मला शंका आहे.

आक्का उठून बसल्या. मग भिंत धरून चालायला लागल्या आणि एक दिवस बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला थांबवून सांगायच्या, "सून लय चिक्कट मिळाली बघ. साखरंला बी कुलूप." हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं ते पाहून ऐकणारी बाई चक्रावायची. वहिनींचं मात्र गावात नाव गेलं. हळदीकुंकवाला बायका त्यांच्यासमोर तोंडाला पदर लावायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, मालनताई, हे किती दिवस चालवायचं? आणि मग स्वतःच जीभ चावली. कारण हे संपावं असं म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, ते आम्हा दोघींनाही एकदमच कळलं.

माझी पंचाईत वेगळीच. डॉक्टर म्हणत होते, आक्कांना ताकदीचं द्या. विलासभाऊ म्हणत होते, माझे काजू तिच्या पोटात गेलेच पाहिजेत, कसंही करा. म्हणजे जन्मभर शेंगदाण्याला काजू करणाऱ्या बाईनं आता काजूला शेंगदाणा करायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. काजू फार गुळगुळीत वाटला जातो, म्हणून बासुंदीत मी तो मुद्दाम भरड ठेवायची. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं चमचाभर कूट टाकायची, ज्या वासाला मी आयुष्यभर घाबरले तोच वास यावा म्हणून. वर दोन लाल सालं तरंगत सोडायची. बदामाची पूड हुलग्याच्या माडग्यात घालायची, तर हुलगा तिला असं पोटात घ्यायचा की मलाच ओळखू यायची नाही. केशर तेवढं लपत नव्हतं, ते डबीत पडून राहिलं. महाग ते वर, हा माझा पहिला नियम उलटा झाला. आणि आक्कांनी एकदा वाटी हातात घेऊन विचारलं, "शेंगदाणंच न्हवं?" तेव्हा मी व्हय म्हटलं. दुसराही नियम गेला. काम मात्र इतकं बेमालूम व्हायचं की मला माझा अभिमानही वाटायचा आणि लाजही. कुठल्या वेळी काय वाटायला हवं हे ठरवता यायचं नाही.

विलासभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईची रिकामी वाटी बघायचे. त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण ते म्हणायचे, "आई माझं खातीय, पण माझं खातीय हे तिला कळतच न्हाई. तिच्या लेखी मी अजून शेंगदाण्यावरच हाय." एकदा तर म्हणाले, एका दिवसासाठी उघड घालू या का? वहिनींनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं.

असं बरेच दिवस चाललं. मधे एक दिवाळी गेली, जत्रा गेली. मग थंडीत आक्का खरोखरच आजारी पडल्या. मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग विलासभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या.

घरी आणलं त्या दिवशी नवरा-बायकोचं माझ्यासमोर भांडण झालं. विलासभाऊंना आईला स्वतःच्या हातानं, उघड, सगळं घालून भरवायचं होतं. पुन्हा कधी भरवणार, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, ताट बघितल्याबरोबर त्यांना कळेल, निदान जाताना तरी घाबरवू नका. दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? दोघांचंही मला पटत होतं. मी म्हटलं, मी माडगं करते, आणि तिथून निघून आले. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं. आता वाटतं, पळच काढला.

माडग्याला उकळी येतेय तोवर आक्कांची हाक आली. आवाज पार खोल गेला होता, पण हाक विलासभाऊंना होती. आम्ही तिघंही गेलो. आक्का त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "इलास, इचार की मला, काय खावंसं वाटतंय."

विलासभाऊ खाटेची कड धरून उभे होते. आक्का वाट बघत राहिल्या. शेवटी विलासभाऊंनी विचारलं, "आई, काय खावंसं वाटतंय?"

"बासुंदी. तू आणलंयस ते समदं घालून. वरनं दिसंल अशी घालाया सांग मालनला."

मी स्वयंपाकघरात गेले. दूध आटवताना माझा हात सवयीनं दोनदा शेंगदाण्याच्या डब्याकडं गेला. डबीतलं केशर काढलं, काजू, बदाम, पिस्ते, सगळं घातलं. वर काप मी एकेक करून, मोजून ठेवले. जणू मीच काहीतरी ठरवत होते. विलासभाऊंनी चमच्यानं भरवली. आक्का दोन-तीन चमचे खाऊ शकल्या. म्हणाल्या, "गोड झालीया. लेकानं खाऊ घातलं." विलासभाऊ उठून बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, ते अंगणात उभं राहून लहान पोरासारखे रडत होते. पण ते रडणं दुःखाचंच होतं असं मला वाटलं नाही. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी ओझं उतरल्यासारखा दिसत होता.

दुपारी खोलीत मी एकटीच होते. ओठ ओले करायला पाणी घेऊन गेले, तर आक्कांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "तुझी रोजची बासुंदी ह्याच्यापेक्षा बरी व्हत हुती."

मी म्हटलं, "ती शेंगदाण्याची, आक्का."

"शेंगदाणा घशाला लागतो. काजू लागत न्हाई. माझं दात गेल्यात, घसा न्हाई गेला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तू काजू लपवलंस त्या पयल्या वाटीलाच कळलं हुतं मला."

मी विचारलं, मग खाल्लं कसं? घाबरला न्हाईत?

"कशाला घाबरू? मी बाळंतीण हुतो तवा सासू भाकरीच्या पोटात तूप घालून द्यायची. जावांस्नी दिसू नये म्हणून, वरनं कोरडी भाकरी. जगावं म्हणून देत हुती ती. तुमी बी तसंच घालत हुता." पुन्हा दम घेतला. "इलासला सांगू नगं. आज त्येला बरं वाटतंय."

मी मान डोलावली. त्याच आठवड्यात आक्का गेल्या.

ह्याला आता बराच काळ झाला. मी अजूनही अधूनमधून त्या घरी जाते. विलासभाऊ आता थकलेत. प्रत्येक वेळी विषय तिथंच येतो. म्हणतात, "इतकं कमावलं, आन आईला कळून खाऊ घातलं ते फकस्त दोन चमचं." वहिनी त्यांची समजूत काढतात, मी चहाचा कप बघत बसते. सांगावं असं दर वेळी तोंडापर्यंत येतं. जाणाऱ्या माणसाला दिलेला शब्द, म्हणून गिळते. पण आक्कांनी सांगू नको म्हटलं ते त्या दिवसापुरतं होतं की कायमचं, हे मी विचारलंच नव्हतं. आज त्येला बरं वाटतंय, असं म्हणाल्या होत्या. ते बरं वाटणं तर कधीच संपलं. मग शब्द उरला की नाही? पुष्कळ विचार केला, मला उलगडत नाही. चूक असेल तर पुढंमागं आक्का भेटतील तेव्हा मी त्यांची बोलणी खाईन.

विलासभाऊ, तुमच्याकडं हा अंक दर दिवाळीला येतो, ते मला माहीत आहे. आक्कांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमचे काजू त्यांनी रोज ओळखून खाल्ले, आणि वाटी निपटून माझ्याकडं परत दिली.